खालच्या पुलाने जाऊ नका

आधी मला त्याचे कागद दिसले, तो नंतर.

पाऊस चुकवायला मी एका झेरॉक्सच्या दुकानात शिरले होते. दुकान एवढंसं, आणि त्यात रस्त्यावरची निम्मी माणसं. कुणाच्या तरी छत्रीचं पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं. छापखान्यात मी मांडलेल्या मासिकांची निवडक पानं नव्या नोकरीत दुसऱ्या दिवशी दाखवायची होती. ती स्वेटरच्या आत पोटाशी धरून मी उभी होते. तेवढ्यात मशीनवाल्यानं "घ्या हो तुमचे" म्हणत माझ्या हातात एक गठ्ठा कोंबला.

तो माझा नव्हता. त्यावर ओळींमागून ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीला दोन्ही टोकांना टोकदार कंस. मधेमधे हिरव्या पेन्सिलीनं गोल केलेले.

"ते माझं आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळले. उंच, कपाळावर ओले केस, चष्म्यावर थेंब. ते थेंब पुसायचे सोडून तो कागदांकडे असा बघत होता, जणू मी त्याचं तान्हं मूल उलटं धरलंय.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"रस्ते."

"मला तर नुसते काटे दिसतायत."

"काट्यांच्या मधून जातात रस्ते," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नीट बघितलं तर…"

"आणि हे हिरवे गोल?"

"हिरवे?" तो गोंधळला. "त्या… चुका आहेत."

"सगळं जग चुका लाल पेन्सिलीनं दाखवतं."

"हो का," एवढंच म्हणून त्यानं पेन्सिल खिशात घातली. मग पहिल्यांदाच चष्मा पुसून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचा कागदाचा कोपरा बाहेर आलाय. भिजेल." आणि स्वतःचे कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यानं पिशवी मला दिली.

"आणि तुमचे?"

"माझे कॉम्प्युटरमध्ये आहेत. तुमच्याकडे एवढेच असणार."

मी काही बोलायच्या आत तो काट्यांचा गठ्ठा डोक्यावर धरून पावसात निघूनही गेला. मी घरी येईपर्यंत हसत होते. ताईचा फोन आला तेव्हा तिला सांगितलंही, आणि ती म्हणाली, "नाव विचारलंस का?" नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी नव्या ऑफिसचं दार उघडलं, तर समोरच्या टेबलामागे तोच.

आमचं ऑफिस रस्त्यांची माहिती देणारं. कुठला घाट बंद, कुठला पूल उघडा, कुठे दरड आलीय… हे आजवर लोक फोन करून विचारत. बाहेरच्या काउंटरवर बसणारे काका दिवसभर फोनवर घसा कोरडा करत. आता त्याची वेबसाइट निघाली होती, आणि महामार्गावरच्या विश्रांतीच्या थांब्यांवर जुने कॉम्प्युटर बसवले होते. गाडीवाल्यांनी उतरावं, चहा घ्यावा, पान बघावं आणि पुढचा रस्ता ठरवावा.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या साहेब, मला आत घेऊन आल्या. "हा पानाचा कोड लिहितो. ऑफिसात याला कंस म्हणतात."

"मामा कुणाचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काका फोन हातात धरून हसले. कंसाच्या कानाच्या पाळ्या रंगल्या.

"आणि ही छापखान्यातून आलीय," बाई म्हणाल्या. "पानाची मांडणी ही बघेल." माझ्या नखांच्या कडांना वर्षानुवर्षांची शाई होती. संध्याकाळपर्यंत माझंही नाव ठरलं, शाई. मग बाईंनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, "हिवाळ्यापर्यंत दोघं काम करा. पुढे कायमची जागा एकच आहे. ती कुणाची, हे मी ठरवीन."

आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि दोघांनीही पटकन नजर काढून घेतली.

खोलीत दोन टेबलं पाठीला पाठ लावून होती. दोन बोजड मॉनिटर, दोघांत एक टेलिफोन, आणि त्याच टेलिफोनच्या तारेवर चालणारा मॉडेम. इंटरनेट लावलं की फोन बंद, फोन उचलला की इंटरनेट तुटायचं. म्हणजे काहीही करायचं तर आधी एकमेकांना विचारावं लागे. त्यातूनच बोलणं वाढलं.

तो मला त्याच्या बाजूचं शिकवायचा. उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे कंसातली खूण, बंद करायचा. आतला टॅग आधी, बाहेरचा नंतर. चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवायची, नाहीतर चित्र येताना सगळा मजकूर उड्या मारतो. आणि चित्र आलंच नाही तर त्या जागी काय होतं, ते शब्दांत लिहायचं.

"शब्दांत?" मी म्हणाले. "समजा मी एखाद्या दिवशी आले नाही, तर माझ्या खुर्चीवर काय लिहून ठेवाल?"

"'लवकर या'," तो म्हणाला.

मी माझ्या बाजूचं सांगायची. नजर आधी कुठे जाते, ओळ किती लांब झाली की वाचणारा दमतो, रिकामी जागाही कशी बोलते. त्याची पानं अचूक असायची, पण वाचताना दम लागायचा. सगळं एका टेबलात, म्हणजे चौकटींच्या तक्त्यात, त्या टेबलाच्या आत आणखी टेबल, त्याच्या आत रस्ते. "तुमच्या पानात शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाही," मी म्हणायची, आणि तो गंभीरपणे मान हलवून एक टेबल कमी करायचा.

एकदा मी बंद रस्त्यांची नावं लुकलुकती केली. तसा एक टॅग असतो, अक्षरं पेटतात, विझतात.

"हे काढा," तो म्हणाला.

"का? लक्ष जातं."

"ऑफिसच्या पानानं लोकांना डोळे मारू नयेत."

"आणि ऑफिसातल्या माणसांनी?"

त्याचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. बाहेर काका कुठल्याशा घाटाची चौकशी करणाऱ्याला "थांबा हो, बघतो" म्हणत होते. मलाच ऐकू येईल इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, "त्यांचं… नियमात काही लिहिलेलं नाही."

दिवस असे चालले होते. आणि मग मी नकाशा केला.

माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं ते. पूर्ण प्रदेशाचा नकाशा. उघडे रस्ते हिरवे, बंद रस्ते लाल. एक नजर टाकली की झालं, वाचायलाच नको. बैठकीत बाईंच्या टेबलावर त्याचा छापलेला कागद पसरला तेव्हा काकाही उठून बघायला आले.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "कंस, तुझं काय मत?"

तो नकाशावर वाकला. खूप वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा वापरता येणार नाही."

"का?" मी विचारलं.

"पानाला जड होईल. आणि…" तो अडला. "नाही येणार वापरता."

"आणि काय?"

बाईंनी कागदाची घडी घातली. "मग सध्या राहू दे. तुझं टेबलच ठेवू."

जागा एकच होती, हे मी विसरले होते. तो विसरला नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं. खोलीत परत आल्यावर त्यानं "ऐका ना…" म्हणून सुरुवात केली, पण मी "फोन हवाय का? नसेल तर मला हवाय" म्हणाले. त्यानंतर आमच्यात फक्त टेलिफोनपुरतं बोलणं उरलं. तो चहा आणायचा, मी प्यायची नाही. कप माझ्या टेबलाच्या कडेवर गार होऊन जायचा.

पुढच्या आठवड्यात नदी चढायला लागली.

डोंगरात पाऊस थांबतच नव्हता. सकाळपासून काकांच्या काउंटरवर रीघ होती. गावांची नावं एकेक करत बंदच्या बाजूला सरकत होती, आणि कंस ती नावं घाईघाईनं पानात भरत होता. त्यासाठी त्यानं एक नवं टेबल जोडलं, पान इंटरनेटवर चढवलं आणि लगेच पुढची नावं घ्यायला काउंटरवर गेला.

दुपारी आमच्या खोलीतला फोन वाजला. ताई होती.

ताईचे दिवस भरत आले होते. तिचे डॉक्टर आमच्या गावात, म्हणून भाऊजी तिला गाडीनं आमच्याकडे आणत होते. "ठमे, आम्ही पहिल्या थांब्यावर आहोत," ती म्हणाली. "तुमचं पान बघायला इथे ही रांग लागलीय, आणि पान कोरं आहे गं."

"कोरं म्हणजे?"

"म्हणजे पांढरं. नुसतं पांढरं. एक माणूस तर मशीनला थापट्या मारतोय."

मी माझ्या स्क्रीनकडे बघितलं. कंसाचं पान तिथे व्यवस्थित दिसत होतं. "तू त्याची काळजी करू नकोस," मी म्हणाले. माझ्यासमोर रस्त्यांची सकाळची माहिती होती. "खालचा पूल उघडा आहे, तिकडून या. वरच्या पुलापेक्षा जवळ पडेल. बरी आहेस ना?"

"पाठ दुखतेय जरा. यांना फाट्यावर चहासाठी थांबायचंच आहे, तिथून परत पान बघू, नाहीतर तुला फोन करीन."

तिनं फोन ठेवला. मी पान उघडून बघतच होते, तेवढ्यात काका दारात आले. एरवी ते दारातूनच ओरडत. आज आत आले.

"धरणाचे दरवाजे उघडतायत," ते म्हणाले. "खालच्या पुलाकडचा रस्ता बुडणार. तो बंद घाला."

त्या रस्त्याला पुलाच्या आधी एक खोलगट वळण आहे. नदीचं पाणी पुलावर चढायच्या आधी त्या वळणात मागून शिरतं. गाडी आत गेली की पुढेही पाणी, मागेही पाणी. हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मीच तिला तिकडून यायला सांगितलं होतं.

मी फाट्यावरच्या थांब्याचा फोन फिरवला. लागत नव्हता. पुन्हा फिरवला. तिथेही एकच तार होती, आणि तिच्यावर कॉम्प्युटर लावून लोक आमच्या कोऱ्या पानाची वाट बघत बसले असणार. मोबाइल तेव्हा आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हता.

"पोलीस?" मी काकांना विचारलं.

"निघालेत. पण ते अलीकडच्या बाजूनं येतायत. पलीकडे पोचायला वेळ लागेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण आहे तिकडे?"

"ताई," मी म्हणाले.

कंस काउंटरवरून परत आला होता. त्यानं ते ऐकलं. मी त्याच्याशी कित्येक दिवसांत धड बोलले नव्हते, आणि आता बोलायला वेळही नव्हता. "थांब्यांवर पान कोरं दिसतंय," मी म्हणाले. "इथे दिसतंय, तिथे नाही."

त्याचा चेहरा उतरला. "तिथला ब्राउझर जुना आहे," तो म्हणाला. "तुमच्या मशीनवर आहे ना तो? उघडा."

मी उघडला. पांढरं. वरपासून खालपर्यंत पांढरं.

त्यानं खुर्ची ओढली आणि कोडवर वाकला. ओळींवरून बोट फिरवत तो खाली गेला, परत वर आला. मीही शेजारी वाकले. त्यानं शिकवलं होतं तसं मी आतून बाहेर मोजत गेले, हे उघडलं, हे बंद, हे उघडलं, हे बंद…

"इथे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

सकाळचं नवं टेबल. उघडलेलं, आणि बंद न केलेलं. नवा ब्राउझर समजूतदारपणे ते सांभाळून घेत होता. जुना मात्र टेबल कधी संपतं याची वाट बघत बसला होता, आणि संपल्याशिवाय एक अक्षरही दाखवायला तयार नव्हता.

"मी केलंय हे," तो म्हणाला. "मी दुसऱ्यात उघडून बघितलंच नाही. मी सगळ्यांना सांगत फिरतो आणि मी स्वतः…"

"नंतर," मी म्हणाले. "आता बंद करा ते."

त्यानं टॅग बंद केला. मग त्यानं भराभर नवी ओळ लिहिली : 'निम्न सेतू मार्ग वाहतुकीस प्रतिबंधित करण्यात येत आहे.' ती शेवटच्या टेबलात, सगळ्यात खाली.

"हे कुणी वाचणार नाही," मी म्हणाले. "इतक्या खाली येईपर्यंत भाऊजी गाडीत बसलेले असतील. आणि वाचलं तरी कळणार नाही. सरका."

तो सरकला. मी त्याच्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसले. पानाच्या अगदी सुरुवातीला, सगळ्या टेबलांच्या बाहेर, कशातही न अडकवता मी लिहिलं :

'खालच्या पुलाने जाऊ नका. तिथे पाणी येत आहे. वरच्या पुलाने या. वरचा पूल उघडा आहे.'

"मोठं करा," तो म्हणाला.

मी मोठं केलं. "आणि लाल करते."

"नको. लाल नको, काळंच ठेवा."

"लाल म्हटलं की धोका, लहान मुलालाही कळतं."

"मला नाही कळत," तो म्हणाला.

मी मान वळवली. त्याचा चेहरा इतका जवळ होता की चष्म्याच्या काचेत मला माझंच प्रतिबिंब दिसलं.

"मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही," तो म्हणाला. "जन्मापासून. तुमचा नकाशा मला वाचताच आला नाही. सगळे रस्ते एकसारखे होते. बैठकीत सगळ्यांसमोर ते सांगायची लाज वाटली. नंतर सांगणार होतो, पण तुम्ही…"

मला ती पेन्सिल आठवली. आठवड्याभराचे गार झालेले कप आठवले. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर त्या वळणात शिरणारं पाणी होतं. हे सगळं एकदम मनात मावेना.

"काळंच ठेवते," मी म्हणाले. "चित्रं सगळी काढा. नुसतं पान पाठवू, हलकं."

जुन्या ब्राउझरमध्ये पान उघडून बघितलं. लख्ख दिसलं. आता ते चढवायचं होतं.

त्याचा हात मॉडेमच्या बटणापर्यंत गेला आणि थांबला. मलाही तेव्हाच कळलं. ताई फाट्यावरून फोन करीन म्हणाली होती, ह्याच नंबरवर. पान चढेपर्यंत तिला फोन एंगेज मिळणार. पान वेळेत चढलं नाही आणि फोनही लागला नाही, तर ती मी सांगितलेल्याच रस्त्यानं जाणार. माझ्यावर विश्वास ठेवून.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तार मोकळी ठेवायची असेल तर ठेवू. मी दुसरीकडून कुठूनतरी…"

दुसरीकडे म्हणजे काकांचा फोन. त्याच्यावर अख्खा जिल्हा लटकला होता.

मी फोनकडे बघितलं. वाजावा म्हणून बघत राहिले. तो वाजला नाही.

"लावा," मी म्हणाले. "तिथे रांगेत ती एकटी नाहीये."

मॉडेमनं शिट्ट्या मारल्या, घरघरला, आणि लागला. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर आली आणि लाइन तुटली.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा त्याच शिट्ट्या. मी टेबलाची कड घट्ट धरली होती. त्यानं एका हातानं माउस धरला होता आणि दुसरा हात टेबलावर होता, माझ्या हाताच्या अगदी शेजारी. पट्टी अर्ध्यावर पोचली तेव्हा मी त्याचा हात धरला. पट्टी सरकत राहिली. शेवटाशी येऊन जरा अडखळली… आणि पूर्ण झाली.

त्यानं लगेच तार सोडली. "आता फोन मोकळा आहे."

मग काहीच उरलं नाही, नुसतं बसायचं. काका येऊन दारात उभे राहिले. बाईही आल्या, काय झालंय ते काकांनी त्यांना हळू आवाजात सांगितलं. कुणी "सगळं ठीक होईल" वगैरे म्हणालं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. खिडकीवर पाऊस वाजत होता. कंसानं माझा हात सोडला नव्हता, आणि बाईंच्या समोरही मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

फोन वाजला.

"ठमे," ताई म्हणाली, "तू आधी खालच्या पुलानं या म्हणालीस, आणि आता पानावर लिहितेस जाऊ नका. नक्की काय करायचं?"

मला बोलताच येईना. कंसानं माझ्या हातातून फोन घेतला. "वरच्या पुलाने या," तो म्हणाला. "पानावर आहे ते बरोबर आहे. हो… तिनंच लिहिलंय. नाही, ती बरी आहे. तुम्ही सावकाश या."

त्यानं फोन परत माझ्या कानाला लावला. पलीकडे ताई सांगत होती, "अगं, हे गाडी सुरू करून बसले होते. मी म्हटलं, एकदा बघून येते. चित्र नाही, काही नाही, उघडल्या उघडल्या समोर तेवढंच. दोन ट्रकवाले माझ्यासमोर माघारी वळले. आणि काय गं, तो फोनवर कोण होता?"

"नंतर सांगते," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

संध्याकाळी खालच्या पुलाचे कठडेही दिसेनासे झाले. त्या वळणात एकही गाडी नव्हती. ताई सुखरूप पोचली, आणि सकाळी भाऊजींनी तिला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. "जागा तुझी," त्या म्हणाल्या.

"पण चूक तर दोघांनी मिळून शोधली…"

"चूक त्याची होती. तो काल स्वतः येऊन सांगून गेला. तू का नाही सांगितलीस?"

मी नखांच्या कडांची शाई खरवडायला लागले. बाईंनी फाइल बंद केली. "कळलं," त्या म्हणाल्या.

मी तरातरा खोलीत आले. तो ड्रॉवर रिकामा करत होता.

"त्याग वगैरे केलात का माझ्यासाठी?" मी विचारलं.

"नाही हो," तो म्हणाला. "झालेली चूक सांगितली. त्या थांब्यावर लोक कोऱ्या पानासमोर बसले होते, ते माझ्यामुळे. तुम्ही नसतात, तरी सांगितली असती."

"आणि आता?"

"ग्रंथालयात कॉम्प्युटरचा वर्ग सुरू होतोय. त्यांना शिकवायला कुणीतरी हवंय." तो थांबला. "तुमच्यासाठी काही केलं असतं, तर तसं सांगितलं असतं. तुमच्यापासून आणखी काही लपवायचं नाही, असं ठरवलंय."

"मग सांगा ना."

"काय?"

"जे लपवायचं नाही ते."

त्यानं हातातले कागद खाली ठेवले. ओठ हलले… आणि काकांनी दारातून डोकं आत घातलं. "शाई, दवाखान्यातून फोन आहे गं. बाहेर ये. ताईला मुलगी झाली."

मी धावले. जिन्यापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की मी एकटी नाहीये. माझा विसरलेला रेनकोट घेऊन तो मागून येत होता. दवाखाना जवळच होता. रस्त्यात साचलेल्या पाण्याशी आलो की तो हात पुढे करायचा आणि मी धरायची.

वॉर्डच्या दाराशी सिस्टर बसल्या होत्या. "भेटायची वेळ झालेली नाही. फक्त घरचे आत जातील."

"मी बहीण," मी म्हणाले.

"आणि हे?"

तो एक पाऊल मागे सरकला. "मी बाहेर थांबतो."

"घरचेच आहेत," मी म्हणाले.

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. अशी घरची माणसं त्यांनी रोज पाहिली असणार. "घरचे म्हणजे नेमके कोण?"

माझे कान तापले होते.

"ते अजून ठरायचंय," तो हळूच म्हणाला. "मी आत्ता विचारणारच होतो, पण फोन आला."

"मग विचारा ना," सिस्टर म्हणाल्या. "मला काय, मी इथेच बसलेय."

तो माझ्याकडे वळला. हातातल्या रेनकोटचं पाणी त्याच्या बुटांवर गळत होतं. एवढा अचूक बोलणारा माणूस, पण त्याला सुरुवातच सापडत नव्हती. "म्हणजे… तुम्हाला जर… मी असं म्हणत होतो की, तुम्ही आणि मी…"

आतून ताईचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एक बारीक, रागावलेलं रडणं.

"ठरलंय," मी सिस्टरना म्हणाले. मग त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणावंसं वाटलं नाही.

"चल आत," मी म्हणाले. "ताई वाट बघतेय तुझी."